मागच्या सीटचं मत

गाडी चारही चाकांवर उभी असताना गॅरेजमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. आधी गाडी जॅकवर चढते. पुढचं चाक निघतं आणि गडगडत जाऊन भिंतीला टेकतं. आता हा माणूस गाडी घेऊन पळून जाऊ शकत नाही याची खात्री पटली, की मिस्त्री फडक्याला हात पुसत विचारतो, "साहेब, शॉकअप कंपनीचे टाकू की बाहेरचे?"

आमच्याकडे हा प्रश्न नेहमी चुकीच्या पत्त्यावर येतो. साहेब म्हणजे मी. गाडी चालवते बायको. गाडीचा हप्ता तिच्या पगारातून जातो, पेट्रोल तिच्या कार्डावर भरलं जातं; पण बोनेट उघडलं की मिस्त्रीलोकांना समोर पुरुष लागतो. मग मी चाकाच्या रिकाम्या जागेत गंभीरपणे डोकावतो, 'हं' म्हणतो आणि तिच्याकडे बघतो. ती भावाला फोन लावते. माझ्या मेव्हण्याला गाड्यांतलं कळतं. असं त्यानेच सांगितलंय.

माझी जागा मागच्या सीटवर, डावीकडे. उजवीकडे आई, मध्ये पिशव्या. पुढे बायकोच्या शेजारी बहुतेक वेळा मेव्हणा. आणि तरीही सस्पेन्शनवर बोलायचा अधिकार त्या गाडीत कुणाला असेल, तर तो मला आणि आईला आहे. याला कारण आहे. पुढे बसणारी माणसं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या साधारण मधोमध बसतात. मागचे जवळजवळ मागच्या चाकांच्या डोक्यावरच बसतात. खड्ड्याने गाडीचं एक टोक उचललं, की मधल्याला थोडं कळतं आणि टोकावरच्याला सगळं कळतं. शिवाय मागची चाकं खड्ड्यात जातात तेव्हा पुढच्यांचं लक्ष पुढच्या खड्ड्याकडे लागलेलं असतं. म्हणजे सस्पेन्शन कोणतं घ्यायचं हे जो ठरवतो, तो गाडीतल्या सगळ्यांत सुखाच्या जागी बसलेला असतो. या विषयातले सगळे घोटाळे इथून सुरू होतात.

मिस्त्रीने जुना शॉकअप काढून फरशीवर उभा केला. वरच्या सीलमधून तेल झिरपून त्यावर धुळीचा काळा थर बसला होता. त्याने बाहेर आलेला दांडा तळहाताने खाली दाबला. दांडा आत गेला आणि आतच राहिला. "गेला," मिस्त्री म्हणाला. मग त्याने नवा शेजारी ठेवला आणि त्याचाही दांडा दाबला. याने आधी खाली जायलाच कुरकुर केली, आणि हात काढल्यावर सावकाश पुन्हा वर आला, कारण आत दाबाखाली गॅस भरलेला असतो. गॅरेजमध्ये मला पूर्णपणे समजलेलं हे एकमेव प्रात्यक्षिक.

धक्का शॉकअप खातो असा आपला समज असतो. तो खाते स्प्रिंग. गाडीचं वजनही तीच पेलते. पण स्प्रिंगला थांबायचं कळत नाही. ती म्हणजे 'येतो हं' म्हणून उठलेला आणि मग उंबऱ्यात अर्धा तास बोलत उभा राहिलेला पाहुणा. शॉकअप म्हणजे 'बरं मग, या पुन्हा' म्हणून दार लावून घेणारं घरातलं माणूस. नळीतलं तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं, स्प्रिंगच्या हालचालीची उष्णता होते आणि गाडी डुलायची थांबते. शॉकअप एका दिवसात मरत नाही, हा त्याचा खरा दोष. तो वर्षानुवर्षं थोडा थोडा जातो आणि मालकाला वाटतं, रस्तेच बिघडत चाललेत. आपल्याकडे ते बिघडतही असतात, म्हणून संशय शॉकअपवर जायला फार वेळ लागतो.

आता 'कंपनीचे' म्हणजे कुणाचे? मोटारकंपन्या सहसा शॉकअप स्वतः बनवत नाहीत, बनवून घेतात. गॅब्रिएल इंडियाचंच बघा. १९६१ साली मुलुंडला सुरू झालेला हा उद्योग. आज चाकणलाही कारखाना आहे. मोटारकंपन्यांनाही त्यांचा माल जातो आणि स्वतःच्या नावाच्या डब्यातून नाना पेठेतल्या दुकानांतही तो येतो. म्हणून मिस्त्री डोळे बारीक करून सांगतो, "साहेब, आतला माल एकच. वरच्या होलोग्रामचे पैसे." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं आणि ते अर्धं खरं असतं. कारखाना एक असू शकतो. पण तेल कुठून किती जोराने जाणार हे ठरवणाऱ्या आतल्या पातळ चकत्या प्रत्येक मॉडेलसाठी वेगळ्या बसवलेल्या असतात. नामांकित कंपनीचा आणि नेमका तुमच्याच मॉडेलचा बाहेरचा शॉकअप असेल तर बिनधास्त घालावा. "याच्यातपण बसतो" म्हणून जो घातला जातो तो बसतो, आणि मग आपण उठतो.

मेव्हण्याला मात्र यातलं काहीच नको होतं. जुन्याच्या जागी तसंच नवं घालणं हे त्याच्या मते हार मानणं. "दाजी, संधी आलीय तर अपग्रेड करून टाकू," तो म्हणाला. संधी म्हणजे पुढचे दोन्ही शॉकअप गळणं.

त्याने पहिल्यांदा सुचवले रबरी बफर. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये दामटून बसवायचे हे जाड रबराचे तुकडे. अॅक्सेसरीच्या दुकानात त्यांचं प्रात्यक्षिक दाखवतात, आणि दाखवणारा माणूस गाडीच्या बाहेर उभा असतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. रबर घातलं की स्प्रिंगचा एखादा वेढा जवळजवळ बाद होतो, स्प्रिंग कडक होते आणि बसलेली गाडी जरा वर येते. भरलेल्या गाडीत हे बरंही वाटतं. पण एकटा माणूस भाजी आणायला निघाला, की तीच गाडी स्पीडब्रेकरवरून उडी मारते. आईने मावशीला फोनवर सांगितलं, "गाडीला बाहेरचं काहीतरी लावणारेत म्हणे." मावशी म्हणाली, "मग कुणाला तरी दाखवून घ्या गं आधी."

पाठोपाठ आली लोअरिंगची कल्पना. आखूड आणि कडक स्प्रिंगा घालून गाडी जमिनीलगत आणायची, म्हणजे वळणावर ती झुकत नाही. गोष्ट खरी आहे. जर्मनीतल्या सरळसोट रस्त्यावर ती आणखी खरी आहे. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने हे केलंय, त्यामुळे आम्हाला त्याचा तौलनिक अभ्यास फुकट करता येतो. गेटवरच्या स्पीडब्रेकरपाशी त्याची गाडी थांबते. मागच्या दारांतून मित्र उतरतात. गाडी तिरकी होते, एकेक चाक करत उंचवटा चढते, मधोमध 'खर्रर्र' आवाज येतो, सगळे मित्र खाली वाकून बघतात आणि पुन्हा आत बसतात. वळणावर मात्र ती झुकत नाही.

स्पीडब्रेकरबद्दल मात्र एक गोष्ट त्या मुलाच्या बाजूने सांगितली पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसने उंचवट्याचं माप ठरवून दिलंय: ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने अलगद ओलांडता येईल असा. ३.७ मीटर म्हणजे जवळजवळ अख्खी मारुती आडवी मावेल एवढी रुंदी. आमच्या गेटवरचा उंचवटा सेक्रेटरींनी उरलेल्या सिमेंटमध्ये करून घेतलाय. उंची तेवढीच भरेल, रुंदी पाटाएवढी आहे. जगातल्या कुठल्याही सस्पेन्शनच्या अभियंत्याने या वस्तूची कल्पना केलेली नाही. आणि वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी वाहनं तपासणारी राष्ट्रीय संस्था ज्या पुण्यात आहे, त्याच पुण्यात आमची सोसायटी आहे.

मेव्हण्याला कायदाही सांगून पाहिला. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम म्हणतं, की नोंदणीतले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा शॉकअप घालण्याला कुणाची हरकत नाही. गाडीची उंची आणि ठेवणच बदलायला निघालात तर विम्याचा सर्व्हेअर अपघातानंतर पहिल्यांदा तिथेच टॉर्च मारतो. मेव्हण्याने 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द ऐकून मनातल्या मनात गुणाकार केला आणि विषय बदलून बिल्स्टाइनवर आला.

बिल्स्टाइन म्हणजे जर्मन. पिवळी-निळी नळी. मेव्हण्याच्या फोनच्या वॉलपेपरवर आहे. मोनोट्यूब, गॅस प्रेशर, घाटात गरम झाला तरी ढेपाळत नाही वगैरे तो एका श्वासात सांगतो, आणि त्यात चूक काहीच नाही. फक्त बिल्स्टाइनचे हे गॅसचे शॉकअप १९५७ पासून मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत कारखान्यातूनच बसून येऊ लागले. म्हणजे मेव्हणा ज्याला अस्सल बाहेरचं समजून पूजतो, ते तिकडे कंपनीचंच. हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याला ते बाहेरचंच हवं होतं.

या वादात काकांनी भाग घेतला नसता तर ते काका कसले. काकांकडे फियाट होती. कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी, मागे कमानपाटे. "एक पाटा वाढवून घेतला आणि वीस वर्षं बघितलं नाही," हे काकांचं सस्पेन्शनविषयक संपूर्ण वाङ्मय. त्या काळी अपग्रेड एवढंच होतं: हायवेवरच्या कमानपाट्यावाल्याकडे जायचं, तो घण घेऊन एक जादा पाटा ठोकून द्यायचा, आणि गाडी मागून वर. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. काकांच्या कमरेचं दुखणं अजून सेवेत आहे. त्याचा पाट्याशी संबंध आहे हे ते मान्य करत नाहीत. ते पुढे बसायचे. काकू मागे बसायच्या, आणि काकूंना या विषयावर कधी कुणी विचारलेलं नाही.

मागच्या सीटची बाजू घेणारा एक माणूस मला सापडला, तो अमेरिकेत. मॉरिस ओली हा मूळचा इंग्रज, रोल्स-रॉइसमध्ये मुरलेला अभियंता. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असताना त्याने एका गाडीवर हलती वजनं लावली, ती पुढे-मागे सरकवत राहिला आणि बसणाऱ्याला कसं वाटतं ते बघत राहिला. तोवर गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा कडक आणि मागच्या मऊ असत. ओली म्हणाला, उलटं करा. उंचवट्यावर पुढची चाकं आधी जातात, मागची नंतर. मागची बाजू जरा जलद वरखाली झाली, तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि अख्खी गाडी एका पातळीत हलते. नाहीतर गाडी मान डोलावत राहते आणि मागे बसलेल्याला मळमळतं. आज कुठलाही कारखाना स्प्रिंगा ठरवताना हा हिशेब करतो, आणि गाडी साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली व्हावी असं बघतो, कारण माणूस चालताना त्याचं अंग साधारण त्याच सुमाराला हलतं आणि पोटाला त्याची सवय असते. बाहेरून नुसत्या मागच्या किंवा नुसत्या पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, की हा हिशेब मोडतो. कडक स्प्रिंगेला आवरायला तसाच जोरकस शॉकअप लागतो. तो नसेल तर कंपनीचा बिचारा रोज जादा काम करून लवकर गळतो, आणि मग लोक म्हणतात, कंपनीचा माल हलका होता.

कारखान्याची अडचण दुसरीच आहे. त्यांना तुम्ही माहीत नसता. छोट्या हॅचबॅकला माणसांसकट साधारण साडेचारशे ते पाचशे किलो ओझं धरलेलं असतं. हीच गाडी एकट्या बाईला घेऊन ऑफिसला जाणार आणि हीच गाडी मे महिन्यात कोकणातून परतणार. परतताना डिकीत आंब्याच्या पेट्या, दोन फणस, काजू, आमसुलं आणि आत्याने "एवढा तरी ने" म्हणून ऐनवेळी कोंबलेला पितळी हंडा असतो. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी कारखान्याने स्प्रिंग बसवलेली असते. म्हणून ती रिकामी असताना किंचित कडक लागते आणि हंड्यासकट असताना बूड टेकते. पूर्ण खूश कुणीच होत नाही, पण उठूनही कुणी जात नाही.

आणि कंपनीचं म्हणजे नेहमी मऊ, असंही समजू नका. त्याच मॉडेलचा सगळ्यांत महाग प्रकार घेतला, की कंपनीच मोठे अलॉय आणि कमी जाडीचे टायर लावून देते. टायरची जाडी कमी म्हणजे खड्डा आणि माणूस यांच्यामधली हवा कमी. शोरूममध्ये गाडी काय देखणी दिसते! जादा पैसे भरून मागच्या सीटला जास्त दणके विकत घ्यायची सोय कारखान्यातूनच आहे, त्यासाठी मेव्हण्याची गरज नाही.

बाहेरून घालावं लागतं आणि घालायलाच हवं, असंही एक प्रकरण आहे, आणि ते रस्त्यावर रोज दिसतं. सीएनजी. बाहेरून किट बसवून घेतात तेव्हा डिकीत जाड पोलादी सिलिंडर येतो. तो कायमचा पाहुणा. रात्री पार्किंगमध्येसुद्धा उतरत नाही. कारखान्यातून सीएनजी होऊन येणाऱ्या गाड्यांत या वजनाचा विचार करून सस्पेन्शन जुळवलेलं असतं. बाहेरच्या किटवाल्याचं काम सिलिंडर बोल्टने आवळला की संपतं. मग गाडी मागून बसते, रात्री तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, आणि मालक म्हणतो, ॲव्हरेज मात्र मस्त देते. अशा गाडीला नीट मापाच्या, थोड्या कडक मागच्या स्प्रिंगा आणि त्यांना जोड शॉकअप घालणं हा शहाणपणा आहे. वर्षभर डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर सामान वाहणाऱ्या थारवाल्यालाही मी बाहेरचा पूर्ण संच घेऊ देईन. पूर्ण संच. नुसतं स्प्रिंगखाली स्पेसर घालून गाडी उचलणाऱ्याला नाही.

आमच्या घरात निकाल लागला तो मात्र वेगळ्याच मार्गाने. मेव्हण्याच्या मित्राच्या गाडीला बाहेरचं सगळं केलेलं होतं. ती चालवून बघायची ठरली, पण त्या दिवशी बायकोचा खांदा दुखत होता. "तू चालव, मी मागे बसते," ती भावाला म्हणाली. मी आनंदाने पुढे बसलो. मेव्हणा वळणावर वळणं घेत समजावून सांगत होता, "बघ ताई, बॉडी रोल अजिबात नाही. स्टिअरिंग बघ किती शार्प." मागून काही उत्तर आलं नाही. कालव्यावरच्या रस्त्याला पॅच मारलेला भाग लागला, मग सोसायटीच्या गेटचा उंचवटा आला, आणि मग मागून उत्तर आलं. ते इथे छापण्यासारखं नाही. त्या उत्तरात भावाच्या लहानपणापासूनचा आढावा होता.

मिस्त्रीला फोन तिनेच केला. पुढचे दोन्ही शॉकअप कंपनीचे, जोडीनेच, कारण एकच बदलला तर दोन बाजू दोन तऱ्हेने वागतात. सोबत वरची माउंटिंग, लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश, आणि शेवटी अलाइनमेंट. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, एकदा साहेबांना विचारून घ्या." साहेबांना तिने फोन दिला नाही.

तुमच्या गाडीचा निकालही याहून फार वेगळा लागेल असं मला वाटत नाही. गाडी जशी आली तशीच वापरत असाल तर झिजलेल्याच्या जागी कंपनीचं घाला, किंवा त्याच मॉडेलसाठी केलेलं नामांकित बाहेरचं, पक्क्या बिलासकट. नव्या शॉकअपने तुमची जुनी गाडी जेवढी सुधारेल, तेवढी मेव्हण्याच्या यादीतल्या कशानेच सुधारणार नाही. गाडीवर कायमचं जादा वजन आलं असेल तरच संच बदला. आणि ठरवायच्या आधी गाडी ज्याला चालवायची आहे त्याला मागे बसवून गावातल्या सगळ्यांत वाईट रस्त्यावरून फिरवा. शेवटचं एक. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर टायरच्या हवेचे आकडे असतात, दोन माणसांचे वेगळे, भरलेल्या गाडीचे वेगळे. पंपावरचा पोऱ्या "पस्तीस टाकू?" म्हणतो तेव्हा हो म्हणण्याआधी तो स्टिकर वाचा. टायर फुगवून दगड केले तर शॉकअप कुणाचेही असोत, मागे बसलेल्याला फरक कळत नाही. हवा पंपावर फुकट मिळते.